बोरमाळला पाणी लागले नव्हते

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आटपाडीपलीकडच्या बोरमाळ वाडीत अर्धवट खोदलेल्या विहिरीचा उत्तरेकडचा काठ खचला. तळाशी तीन माणसे होती. वरून माती सुटू लागलेली पाहून तू दोघांना दोराने वर पाठवलेस. तिसरा तू होतास. दुपारी पावणेपाचला तुला बाहेर काढण्यात आले. पंचनाम्यात विहिरीची खोली एकेचाळीस फूट आणि तळ कोरडा, अशी नोंद आहे.

यशवंत, तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कोणत्या खात्यात, मागे कोण कोण आहे, हे सगळे मंगळवारच्या अंकात आठ ओळींत आले. त्या आठ ओळी मीच लिहिल्या. त्यांतले ‘मंगळवार मंडळाचे एक उत्साही कार्यकर्ते’ हे शब्द माझे नाहीत. ते मंडळाने पाठवलेल्या पत्रकातले आहेत. मी ते काढले नाहीत, एवढेच. त्या आठ ओळी आता इथे पुन्हा नकोत.

हा मजकूर जे वाचतील त्यांना मंगळवार मंडळ माहीत असेलच असे नाही. सांगलीत नोकरी-धंद्याला लागून ज्यांना पाच-सात वर्षे झाली आहेत, ज्यांची स्कूटर आली आहे किंवा नंबर लावून ठेवलेला आहे, अशा चाळिशीच्या आतल्या डॉक्टर, वकील, इंजिनियर, बँकवाले आणि साखर कारखान्यातले केमिस्ट यांचे हे मंडळ. दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता ते स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये भरते. टेबलावर पितळी घंटा असते. अध्यक्ष ती वाजवतात. मग कोटाला बिल्ला लावलेली माणसे एकमेकांना नव्याने भेटल्यासारखे हात मिळवतात, बटाटेवडे येतात, एक भाषण होते आणि शेवटची दहा मिनिटे ‘सेवा’ या विषयाला असतात. अध्यक्ष दर वर्षी जूनमध्ये बदलतो. प्रत्येक अध्यक्षाचे एक काम असते. ते त्याच्या वर्षात सुरू होते आणि त्याच्याच वर्षात पूर्ण होते. झाले नाही तरी पूर्ण होते. नवा अध्यक्ष जुन्याचे काम पुढे चालवत नाही. चालवले तर त्याचे स्वतःचे काम कुठले, असा प्रश्न येतो. असा नियम कुठे लिहिलेला नाही आणि तो आजवर कोणी मोडलेला नाही.

या मंडळात तुला मी नेले. मी त्यांचा प्रसिद्धी चिटणीस होतो. बातम्या माझ्याच हातून छापून येत असल्यामुळे ते पद मला न मागता मिळाले होते.

पहिल्या मंगळवारी तुझी ओळख करून द्यायला डॉक्टर खरे उभे राहिले. ते दातांचे डॉक्टर आणि त्या वर्षीचे अध्यक्ष. बाकीच्यांची ओळख एकेका वाक्यात झाली होती: अमुक, बँकेत; तमुक, बॉयलरवर. तुझ्या वेळी डॉक्टरांनी घसा साफ केला. “आपल्या मंडळात सर्व थरांतली मंडळी असावीत अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. आज हे आमचे नवबौद्ध बंधू...”

त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी तू उठलास. “यशवंत कांबळे. ओव्हरसियर. रस्ते आणि मोऱ्या,” म्हणालास आणि बसलास.

दोघे-तिघे हसले. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. परत येताना तू पुलापर्यंत सायकल हातात धरून चाललास. पुलावर म्हणालास, “गड्या, बाकीच्यांचा धंदा सांगितला आन् माझी जात. उद्या माझी दाढ दुखली तर हा डॉक्टर आधी काय तपासंल रं?”

मी म्हणालो, पुढच्या मंगळवारी येऊ नकोस.

“येनार. त्यांच्याकडं ट्रक हाय, वळख हाय, मोकळा रविवार हाय. मला त्यांच्याकडनं एक हीर पायजे.”

ती विहीर कुठे पाहिजे हे तू तेव्हाच सांगितलेस. रस्त्याच्या मोजणीला तू आठ दिवस बोरमाळला राहिला होतास. तिथे गावची विहीर एक. बौद्ध वस्तीच्या बायका तिच्या काठावर घागरी मांडून उभ्या राहतात आणि वरच्या आळीतले कोणी येऊन ओतील तेव्हा त्यांना पाणी मिळते. फेब्रुवारीनंतर त्या विहिरीलाही तळ लागतो. मग पंचायत समितीची पाण्याची गाडी येते: दोन बैल, एक लोखंडी टाकी. गाडी वस्तीपर्यंत येते आणि तिथे ओतायला कोणी लागत नाही. तू म्हणाला होतास, त्या वस्तीला उन्हाळा बरा वाटतो.

तुला हवी होती वस्तीच्या स्वतःच्या जागेत, बारा महिने पाणी असलेली एक विहीर. एवढेच. या गोष्टीत शेवटपर्यंत तेवढेच पणाला लागलेले होते.

डॉक्टरांना कल्पना आवडली. श्रमदान हा शब्द त्यांना फार आवडत असे. चार रविवार मंडळाचा ट्रक बोरमाळला गेला. मी चारही वेळा होतो, म्हणून सांगू शकतो. सत्तावीस सभासद इस्त्री केलेल्या खाकी अर्ध्या चड्ड्या घालून उतरत. घमेली नवी होती. पहिल्या रविवारी फोटोग्राफर उशिरा आला, तेव्हा भरलेली घमेली रिकामी करून पुन्हा भरण्यात आली. काम सरासरी सव्वा तास चाले. तेवढ्या वेळात वस्तीतले सहा गडी बाजूला उभे राहत, कारण फोटोत त्यांची गर्दी होत होती. आम्ही लिंबाखाली डबे उघडले की ते सहा जण आत उतरत. खरे खोदकाम तेव्हा सुरू होई. तू कधी डबा उघडला नाहीस. त्यांच्याबरोबर आत असायचास.

वस्तीतल्या सोनाबाईने दुसऱ्या रविवारी दुरडीभर भाकऱ्या आणि ठेचा आणला. सत्तर तरी वय असेल तिचे. सत्तावीस जणांपैकी तिघांनी घेतल्या. डॉक्टर म्हणाले, “आजी, पोट जरा नाजूक आहे हो माझं.” त्याआधी त्यांनी बेसनाचे चार लाडू खाल्ले होते. सोनाबाईने दुरडीवर फडके टाकले आणि म्हणाली, “असू द्या सायेब. नाजूक पोटानं लय खांदू नगा, कळ लागंल.”

तू विहिरीतून हसलेले सगळ्यांना ऐकू आले.

चार रविवारांनंतर मंडळ थकले. वस्तीचे सहा गडी आणि तू थकला नाहीत. मे संपत आला तेव्हा खोली चोवीस फूट झाली होती आणि खाली काळा खडक लागला होता. तू मंगळवारच्या सभेत सांगितलेस, अजून पंधरा फूट तरी जावे लागेल, दिवाळी उजाडेल. डॉक्टर म्हणाले, “कांबळे, माझं वर्ष जूनमध्ये संपतं.”

उद्घाटन झाले. जिल्ह्यातले एक पुढारी आले. मांडव, हार, काठावर मंडळाच्या नावाची आणि अध्यक्षांच्या नावाची संगमरवरी पाटी. विहिरीत गुडघाभर पाणी होते. पुढाऱ्यांनी दोर धरून कळशी वर ओढली आणि पाच सुवासिनींच्या घागरीत थोडे थोडे ओतले. त्या सुवासिनी सांगलीहून ट्रकमधून आल्या होत्या.

तू मला बाजूला नेलेस. “आत बघ,” म्हणालास. “दगडावर वल कुठनं कुठवर हाय? वरनं खाली वघळ आल्यात का न्हाई? पानी खालनं आलंय का वरनं?”

मी पाहिले. दक्षिणेकडच्या अंगाला काठापासून तळापर्यंत ओले ओघळ होते. आदल्या रात्री ट्रकने आठ पिंपे आणली, हे तू सांगितलेस. पिंपे मी पाहिली नव्हती. ओघळ पाहिले होते.

मी बातमी लिहिली. शाळेत असल्यापासून तू मला आकड्यांवरून छळत आलास. साताऱ्याच्या बोर्डिंगात आपण एका खोलीत होतो. घरून आलेला घेवडा तू चार जणांत वाटायचास तोसुद्धा मोजून. मी वार्ताहर झालो आणि कोरेगावकडच्या एका पुलाची लांबी बातमीत चुकवली, तेव्हा तुझे पोस्टकार्ड आले होते: ‘पूल मी पावलांनी मोजला आहे. तू कशाने मोजलास?’ त्यानंतर मी प्रत्येक आकडा दोनदा पाहू लागलो. माझ्याबद्दल कचेरीत जे काही बरे बोलले जाते ते त्या पोस्टकार्डामुळे आहे. हे तुला मी कधी सांगितले नाही. बोरमाळच्या बातमीतही खोली बरोबर आहे, सभासदांची संख्या बरोबर आहे, पुढाऱ्यांच्या आगमनाची वेळ बरोबर आहे. मथळा होता: ‘बोरमाळला पाणी लागले.’

बातमी छापून आल्यावर अठराव्या दिवशी पाण्याची गाडी बंद झाली. आटपाडीला पंचायत समितीच्या कचेरीत टंचाईच्या गावांची यादी असते. बोरमाळपुढे शेरा पडला, ‘पाण्याची सोय झाली आहे’, आणि पुरावा म्हणून माझ्या बातमीचे कात्रण डकवले गेले.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. जुलैच्या एका रविवारी तू मला ओढून बोरमाळला नेलेस. सोनाबाई दारात बसली होती. तिने मला ओळखले.

“आवं, पेपरवालं तुमीच न्हवं?”

“हो.”

“मग जरा वाचून दावा की. पानी लागलं म्हनं आमच्यात. कंच्या हिरीला लागलं? आमाला कुनी सांगितलं न्हाई, म्हून इचारती.”

तू आधी हसलास. मग हसायचा थांबलास. सोनाबाई आत गेली आणि पाहुणा आला म्हणून पेला घेऊन आली. पेला अर्धा होता. डेऱ्याच्या तळाला ओगराळे आपटल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला होता. मी पाणी प्यालो.

एस. टी. स्टँडवर तू खिशातून एक कागद काढलास. पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी होत्या: ‘बोरमाळ येथील विहिरीस पाणी लागल्याचे वृत्त बरोबर नाही. उद्घाटनाच्या दिवशी विहिरीत दिसलेले पाणी पिंपांतून आणून ओतलेले होते. तेथील वस्तीस पिण्याच्या पाण्याची सोय नाही.’ खाली तुझी सही.

मी म्हणालो, तू सरकारी नोकर आहेस, तुझ्या सहीने वर्तमानपत्रात असे काही आले तर नोकरी जाईल.

“जाऊ दे.”

मी म्हणालो, सहीशिवाय खुलासा छापता येत नाही.

“तू बातमी लिहिलीस तवा कुनाची सही मागितली हुती?”

मी म्हणालो, संपादक छापणार नाहीत. मंडळातले निम्मे लोक जाहिराती देणारे आहेत.

संपादकांचे नाव आले की तू गप्प होत होतास. तुला वाटत होते, माझाही कोणी वरिष्ठ आहे आणि माझाही नाइलाज असू शकतो. कागद माझ्याकडे राहिला. त्यानंतर दर महिन्याच्या सुरुवातीला तू कचेरीच्या जिन्यात भेटायचास. “छापतोस?” “बघतो.” हा संवाद बहुतेक वेळा इतक्याच लांबीचा असे. मग आपण समोरच्या गाड्यावर भडंग खायचो आणि तू दुसरेच काहीतरी बोलायचास. पोरीला गणित आवडते, मोरीचा पाइप कंत्राटदाराने उलटा बसवला, असे काही. मला ते बरे वाटायचे.

तू खोदतच राहिलास. शनिवारी संध्याकाळची गाडी, विट्याला बदलून आटपाडी, तिथून चालत. रविवारी दिवसभर काम, सोमवारी सकाळी कचेरीत हजर. सहा गड्यांपैकी दोन ऊसतोडीला गेले. उरले चार आणि तू.

जूनमध्ये इनामदार वकील अध्यक्ष झाले होते. त्यांचे काम नेत्रशिबिराचे होते. डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला आणि नेत्रशिबिर बाजूला पडले. मंडळ कांबळी घेऊन कोयनानगरला निघाले. तूही आलास. तिथे माणसे उघड्यावर होती, घरांच्या ठिकाणी दगडांचे ढीग होते आणि थंडी होती. कांबळी खरी होती आणि ती खऱ्या गरजवंतांना मिळाली, हे नोंदवले पाहिजे. एका म्हाताऱ्याला दोनदा मिळाले हेही नोंदवले पाहिजे: पहिल्यांदा दिले तेव्हा फोटोच्या क्षणी इनामदारांचे डोळे मिटले होते, म्हणून ते परत घेऊन पुन्हा देण्यात आले. म्हाताऱ्याने दुसऱ्यांदाही तितकाच वाकून नमस्कार केला. तू ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिलास. तू तिथे ओकलास हे फक्त मला माहीत आहे. घाटाच्या वळणांनी लागले, असे तू बाकीच्यांना सांगितलेस. तेव्हा ट्रक उभाच होता.

परतताना तू इनामदारांना म्हणालास, “साहेब, बोरमाळलाही एकदा जाऊ या.”

ते म्हणाले, “कांबळे, ते खऱ्यांच्या वर्षातलं.”

जानेवारीत तुला विहिरीच्या उत्तरेकडच्या अंगाला चीर दिसली. भूकंपाच्या धक्क्याने पडली, असे तुझे म्हणणे होते. मला त्याबद्दल खात्रीने सांगता येत नाही. चीर होती, ती मी पाहिली. तुझी तीन बोटे तिच्यात जात होती. वरचे बारा फूट दगडी बांधून घेतल्याशिवाय खाली उतरणे धोक्याचे आहे, असे तूच म्हणालास. दगड वस्तीवाले आणणार होते. तुला मंडळाकडून सिमेंट आणि एक गवंडी हवा होता.

तो मंगळवार मला तपशीलवार आठवतो. ‘सेवा’ची दहा मिनिटे सुरू झाली. तू उठून मागणी सांगितलीस. इनामदारांनी मागल्या वर्षीचा छापील अहवाल मागवला, पान काढले आणि वाचले: “‘बोरमाळ येथील विहिरीचे काम पूर्ण झाले असून तेथील बांधवांची पाण्याची अडचण कायमची दूर झाली आहे.’ आता सांगा कांबळे, पूर्ण झालेल्या कामाला नवा ठराव कसा करायचा? घटनेत बसत नाही.”

“साहेब, विहिरीला पाणी नाही.”

“अहवालात आहे.”

“अहवालात हाय व्हय?” तू सभेत पहिल्यांदाच गावाकडचे बोललास. “मग घागरी घिऊन बायका हितंच धाडू का? सायेब, हितल्या जगमधलं पानी तरी खरं हाय न्हवं?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसले. डॉक्टर खरे पहिल्या रांगेत बसले होते. ते म्हणाले, “कांबळे, हा माझ्या वर्षाचा अपमान आहे.” इनामदारांनी घंटा वाजवली. वडे आले. मी प्रसिद्धी चिटणीस म्हणून टेबलाच्या कडेला बसलो होतो. अहवालातले ते वाक्य माझ्या बातमीवरून घेतलेले होते, त्यात शब्दही माझेच होते. मी वडा खाल्ला.

मंडळाबद्दल मला जी किळस वाटते ती त्या वड्यापासून सुरू होते. ती मंडळापाशी थांबत नाही. त्या हॉलमध्ये कोणी दुष्ट माणूस नव्हता, हे मी दहा वेळा तपासून पाहिले आहे. खरे गरिबांचे दात फुकट काढतात. इनामदारांनी दोन विधवांचे खटले फी न घेता चालवले. एकेकट्याला गाठले असते तर त्यातल्या कोणीही तुला सिमेंट दिले असते. चौतीस जण बिल्ले लावून एकत्र बसले होते म्हणून कोणी दिले नाही.

चीर तशीच राहिली. तू काठाला लाकडी टेकू दिलेस आणि खोदत राहिलास. मार्चमध्ये गावची विहीर आटली. वस्तीच्या बायका दोन मैलांवरच्या ओढ्यात झरे उकरू लागल्या. एका झऱ्याला घागर भरायला पाऊण तास लागतो. हे तू घड्याळ लावून पाहिले होतेस आणि मला सांगितले होतेस. मार्चच्या सुरुवातीला जिन्यात तू विचारलेस, “छापतोस?” मी म्हणालो, “बघतो.” एप्रिलच्या सुरुवातीला तू जिन्यात आला नाहीस. मला हायसे वाटले.

मग तो रविवार आला.

मंगळवारी मंडळाची शोकसभा झाली. दोन मिनिटे सगळे उभे राहिले. इनामदारांनी घड्याळ पाहिले, ती पुरी दोन मिनिटे होती. ठरावाचा मसुदा मला करायला सांगितला होता. मी लिहिले: ‘बोरमाळ येथील विहीर खोदत असताना.’ इनामदारांनी ‘खोदत असताना’ खोडले आणि वर लिहिले, ‘मंडळाच्या विहिरीची देखभाल करीत असताना’. म्हणाले, “खोदत होते म्हटलं तर काम अपुरं होतं असा अर्थ निघतो.” डॉक्टर खऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते खरे होते असे मला वाटते. त्यांनी सूचना केली की पाटीवर तुझेही नाव कोरावे. सूचना एकमताने मंजूर झाली. पाटी उत्तरेच्या काठावर होती आणि ढिगाऱ्याखाली गेली होती, हे सभेत कोणाला माहीत नव्हते.

मी राजीनाम्याची चिठ्ठी टेबलावर ठेवली. “भावनेच्या भरात काही करू नका,” इनामदार म्हणाले. चिठ्ठी त्यांनी पुढच्या सभेच्या कागदांत ठेवली.

बुधवारी मी तुझ्या घरी गेलो. वत्सलावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोरेगावहून तुझी माणसे आली होती. दाराशी कोणीतरी म्हणाले, “पेपरवालं आल्यात.” मला वाटले होते वहिनी रडतील किंवा दोष देतील. त्यांनी पोरीला माझ्यासाठी चटई टाकायला सांगितली आणि विचारले, “भावजी, त्यांनी दिल्याला कागद हाय का तुमच्यापाशी?”

“आहे.”

“हाय न्हवं?”

“आहे, वहिनी.”

“मग?”

तुला जे सांगायचे राहिले ते सांगतो. संपादक छापणार नाहीत, असे मी तुला तीन वेळा सांगितले. तीन वेळा तू गप्प बसलास, माझा नाइलाज मान्य केलास. मी संपादकांना एकदाही विचारले नव्हते.

गुरुवारी मी आटपाडीला गेलो. कचेरीतल्या कारकुनाने यादी दाखवली. शेरा आणि कात्रण होते. वस्तीला पाणी नाही, गाडी सुरू करा, असे मी म्हणालो. तो भला माणूस होता, वैतागलेला होता. “आवं, कांबळे सायेब दर म्हैन्याला हेच सांगत हुते. मी काय करू? पेपरात आलं म्हून गाडी काडली. पेपरातच न्हाई म्हनून येऊ द्या, म्या आजच्या आज शेरा मारतो.”

तू दर महिन्याला तिथेही जात होतास, हे मला माहीत नव्हते.

शुक्रवारी दुपारी मी कागद घेऊन संपादकांच्या खोलीत गेलो. त्यांनी चष्मा वर करून वाचला. “खरं आहे हे?” मी हो म्हणालो. “चारच ओळी ना? घ्या की. सही तुमची घाला, ते बिचारे गेले.” ते पुढचा मजकूर तपासू लागले. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नाहीत.

तुझे शब्द मी बदलले नाहीत. ‘बरोबर नाही’च्या जागी ‘खोटे आहे’ घालावे असे मनात आले होते. घातले नाही.

खुलासा शनिवारच्या अंकात चौथ्या पानावर, खालच्या अंगाला आला. कारकुनाने त्याच दिवशी शेरा बदलला. सोमवारी सकाळी सव्वाआठ वाजता पाण्याची गाडी बोरमाळच्या बौद्ध वस्तीत पोहोचली.